वैशाखातलं लग्न, सोलापूरचं ऊन आणि नवरीचं डोकं: खोपा, पूलजडा, मुंडावळ्या, गजरे... नक्की काय काय घालावं?

वैशाखातली_नवरी
नमस्कार मंडळी. मे महिन्यात लग्न आहे. कार्यालय होटगी रोडला, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. (हो, मे. हो, सोलापूर. गुरुजी आणि हॉलवाले या दोघांना मिळून एवढीच तारीख जमली. त्यावरचा वाद घरात घालून झालाय, इथं नको.)

माहेर मराठी, सासर शहराच्या पूर्व भागातलं, तेलुगू पद्मशाली. आईच्या डोळ्यांसमोर नऊवारी, खोपा, आजीचं अंबाड्यात खोचायचं सोन्याचं अग्रफूल आणि मोत्यांच्या मुंडावळ्या. होणाऱ्या सासूबाई आग्रह करत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरातल्या सगळ्या सुना पूलजड्यात उभ्या राहिल्या, पण तुला आवडेल ते कर." (पूलजडा म्हणजे वेणीवर लावायची फुलांची लांब पट्टी.) त्या "पण"चं वजन इथल्या सुनांना सांगायला नको.

माझे केस जेमतेम खांद्यापर्यंत. चष्मा आहे, लेन्स सोसत नाहीत. मुहूर्ताला काय, रिसेप्शनला काय, खरी फुलं की खोटी, विकत की भाड्यानं, काहीच ठरत नाही. पार्लरवाली रोज नवा फोटो पाठवते आणि मी रोज नव्यानं गोंधळते. अनुभवी लोकांनी बोला.

कडकभाकरी
मे महिन्यात बारा पस्तीस? आधी नवरीच्या डोक्यावर कूलर बसवा. फुलांचं नंतर बघू की वो.

सुईदोरा
फोटो बघणं आधी बंद कर बाळा. एक कागद घे आणि त्या दिवशी तुझ्या डोक्याला कोण कोण हात लावणार ते लिहून काढ. हळदीला तेल लागणार. मुंडावळ्या बांधल्या जाणार. अक्षता पडणार. हार घालताना मान वाकणार आणि हाराचा दोरा कानातल्या वेलात अडकणार. मंगळसूत्र मागून बांधलं जाणार. कन्यादानाला, होमाला तू मांडी घालून बसणार, समोर धूर. मग ज्येष्ठांच्या पाया पडायचं, म्हणजे तेवढ्या वेळा डोकं खाली-वर. तुमच्यात डोक्यावर पदर घेतात का? घेत असाल तर अर्धी केशरचना पदराखालीच जाते, तिच्यावर पैसा कशाला घालायचा?

हे सगळं सोसून संध्याकाळपर्यंत टिकेल तेच डोक्यावर घालायचं. पार्लरवालीला हा कागद पाठव, तिनं पाठवलेले फोटो राहू देत.

पूर्वभागची_अक्का
सुईदोराताईंच्या कागदात माझी भर. मी साखर पेठेतली पद्मशाली, घरातल्या बऱ्याच नवऱ्यांच्या वेण्या घातल्यात.

आमच्यात ऐन मुहूर्ताला, मधे पडदा धरलेला असताना, जिलकर्र-बेल्लम असतं. जिरं आणि गूळ एकत्र वाटून तो गोळा विड्याच्या पानावर घेतात आणि नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात, बरोबर टाळूवर. त्यानंतर मंगळसूत्र. त्याच्या तीन गाठी नवरा मागून बांधतो. मग तलंब्रालु, म्हणजे हळदीचे तांदूळ एकमेकांच्या डोक्यावर ओंजळी-ओंजळीनं ओतायचे. यात चढाओढ असते, हळूच वगैरे कुणी ओतत नाही.

म्हणजे काय, तर टाळू मोकळी हवी. तिथं उंच पफ केला, फुलांचा मुकुट बसवला किंवा राखडी खोचली तर तो गोळा ठेवायचा कुठं? दुसरं, पूलजडा मानेवरून खाली येतो. गाठी बांधताना तो कुणीतरी उचलून धरावा लागतो. आमच्याकडे ते काम नणंदेचं. तिला आधी सांगून ठेव, नाहीतर नवरा जडा एका हातात आणि मंगळसूत्र दुसऱ्या हातात धरून उभा राहतो.

रेल्वेलाईन्स
थांबा. गूळ? केसात? खरा गूळ??

पूर्वभागची_अक्का
मग काय चित्रातला?

रेल्वेलाईन्स
आणि मे महिन्यात. मुंग्यांना पत्रिका दिली का?

पूर्वभागची_अक्का
हसा. रात्री केस मोकळे करताना आधी कोमट पाणी सोडायचं, गूळ विरघळून निघतो. मग तेल, मग शिकेकाई किंवा शांपू. थेट शांपू घासू नका, जिऱ्याची पूड आणि स्प्रे मिळून केसांच्या गाठी होतात. पानासकट ठेवायला सांगितलं तर निम्मा त्रास तिथंच वाचतो.

मोकळा_भांग
वीस वर्षं हाच धंदा करते, म्हणून जरा सविस्तर.

खांद्यापर्यंतचे केस ही अडचण नाही. खोप्यालाही गंगावन लागतं, पूलजड्यालाही. प्रश्न एवढाच की ते टिकतं कशावर. खोपा किंवा अंबाडा डोक्याच्या मागच्या बाजूवर बसतो. तुझ्या केसांची घट्ट, छोटी शेपटी बांधायची, तिच्यावर स्टफिंग, वर जाळी, मग गंगावन गुंडाळायचं. वजन कवटीवर विसावतं. पूलजडा लोंबता. सगळा भार त्या छोट्या शेपटीच्या मुळांवर येतो, आणि खऱ्या फुलांचा जडा ओला असला की चांगलाच जड होतो. आखूड केसांत तो तासाभरात खाली सरकायला लागतो आणि कपाळापासून मानेपर्यंत ओढ बसते. डोकेदुखीचं निम्मं कारण तेच असतं, लोक नाव उन्हाला देतात.

उपाय आहे. शेपटी एकच न बांधता एकाखाली एक दोन बांधायच्या आणि गंगावन दोन्हींत ओवून शिवायचं. हो, सुईदोऱ्यानं. काळा जाड दोरा. नुसत्या आकड्यांवर लोंबता जडा टांगणारीवर विश्वास ठेवू नका.

आकड्यांचं थोडं. काळ्या चपट्या पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे, सरळ बाजू वर. दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावल्या की हलत नाहीत. अंबाड्याला यू-पिन, ती आधी टाळूला लागेपर्यंत उभी खुपसायची आणि मग आडवी वळवून आत ढकलायची. पिन टोचत असेल तर त्याच वेळी सांगायचं. "राहू दे, होईल सवय" म्हणणाऱ्या नवऱ्या मंगलाष्टकांत रडतात आणि पाहुण्यांना वाटतं, माहेर आठवलं.

केस आदल्या दिवशी धुवायचे, त्याच दिवशी नाही. ताजे धुतलेले केस बुळबुळीत असतात, पिन धरत नाहीत. आणि हळदीचं तेल केसांच्या मुळांत जाऊ देऊ नका, काकवांना आवरा.

सुईदोरा
शिवतात म्हणाल्या ते वाचून माझ्या नावाचं सार्थक झालं.

बारीक_नजर
लग्नांचे फोटो काढतो, म्हणून मधे बोलतो. नवऱ्या पाठीमागच्या केशरचनेवर सगळा जीव ओततात. अल्बममध्ये पाठीचे फोटो दोन-चार. बाकी सगळे समोरून आणि बाजूनं. समोरून काय दिसतं? भांग, कपाळ, मुंडावळ्या, कानावरचा गजरा. तिथं लक्ष द्या.

नेहमी होणारी गर्दी म्हणजे बिंदी, तिच्यावर मुंडावळ्यांची आडवी लड, त्यावर बासिंगम् (तेलुगू लग्नातली कपाळपट्टी), खाली चंद्रकोर, नाकात नथ आणि त्यात चष्मा. चेहरा शोधावा लागतो. मुंडावळ्या असतील तर बिंदी काढून ठेवा, रिसेप्शनला घाला. चष्म्याला काचांवर चमक न येणारं कोटिंग करून घ्या, लग्नाआधी निदान पंधरा दिवस. आणि मुंडावळ्यांचा दोरा चष्म्याच्या काडीच्या वरून गेला पाहिजे. खालून गेला की दर दहा मिनिटांनी चष्मा वर उचलला जातो.

वैशाखातली_नवरी
बारीक_नजरदादा, चष्म्याचं कुणी बोलेल असं वाटलंच नव्हतं, आभार. अक्का, टाळूचं मला कुणीच सांगितलं नव्हतं! पार्लरवालीनं तर ट्रायलला टाळूवरच जिप्सोफिलाची बाग लावली होती.

फुलपुडी
फुलांवर मी बोलणार, घरात फुलांचाच व्यवसाय.

मे महिना म्हणजे मोगऱ्याचा ऐन हंगाम, त्या बाबतीत तुझं नशीब चांगलं. माघात लग्न असतं तर शेवंती भरपूर आणि मोगरा महाग, असा उलटा हिशोब झाला असता. पण मोगरा संध्याकाळी उमलतो. कळ्या पहाटे तोडतात, सकाळी मिटलेल्या असतात, सूर्य कलला की फुलतात आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतात. बारा पस्तीसच्या मुहूर्ताला त्याच पहाटेच्या घट्ट कळ्या हव्यात. जडा आणि गजरा दोन्ही कळ्यांचेच ओवायला सांग. रिसेप्शनपर्यंत डोक्यावरच उमलतील, हॉलभर वास. आदल्या संध्याकाळचा ओवून ठेवलेला माल कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नको.

आपलं ऊन कोरडं आहे. कोकणात फुलं घामेजून नासतात, इथं सुकून कडकडीत होतात. ठेवायचं कसं? केळीच्या पानात गुंडाळायचं, वरून पिळलेला ओला सुती पंचा, मग डब्यात. आपला सोलापुरी नॅपकिन यासाठी उत्तम, पाणी धरून ठेवतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये कधीही नाही, बाहेर काढल्यावर कळ्या काळ्या पडतात. गजऱ्यावर भसाभस पाणी मारू नका, ते मेकअपवर आणि नऊवारीवर उतरतं.

अबोलीला वास नाही पण उन्हाला चिवट आणि रंग सुरेख. मोगरा आणि अबोली एकाआड एक गुंफलं तर मोगऱ्यानं दम टाकला तरी वेणी भरलेली दिसते. गुलाबाच्या पाकळ्यांचे जडे हल्ली मागतात, पण दुपारी दोनला त्यांच्या कडा काळ्या होतात. ते हिवाळ्यात करा.

निवांत
एवढा उपद्व्याप कशाला? हल्ली कापडी फुलांचे जडे इतके हुबेहूब मिळतात की हात लावल्याशिवाय कळत नाही. वजन निम्मं, सुकायची भीती नाही, आदल्या रात्री शांतपणे लावून बघता येतं. बहिणीच्या लग्नात तेच केलं, कुणाला पत्ता लागला नाही.

फुलपुडी
नाकानं कळतं की.

निवांत
होमाच्या धुरात आणि अत्तरदाणीच्या माऱ्यात कुणाचं नाक शाबूत असतं?

फुलपुडी
कापडी फुलं होमाजवळ नेताना जपा मात्र. लाजाहोमाला वाकताना जड्याचं टोक पुढं येतं. कळ्या ओल्या असतात, त्यांना धग लागली तर सुकतील. नायलॉन काय करेल ते सांगायला नको.

मोकळा_भांग
फुलपुडीताईंचं बरोबर, पण मी मधला मार्ग काढते. जड्याचा सांगाडा कापडी, म्हणजे पट्टी आणि मधल्या बिल्ल्या (गोल चकत्या) खोट्या, आणि दोन्ही कडांना खऱ्या कळ्यांच्या सरी. वजन आटोक्यात, वास खरा. होमाच्या वेळी जडा पाठीवर पिनेनं ब्लाउजला अडकवून टाकायचा.

जुनं_सोनं
अग्रफुलाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंच्या पेटीत अग्रफूल, मूद, केतक, चंद्र-सूर्य, नागगोंडे असं सगळं होतं. त्यांच्या काळी बायका रोज अंबाडा घालायच्या, दागिन्यांना रोज जागा होती. मग बॉबकट आले आणि निम्म्या घरांतली ही फुलं मोडून बांगड्या झाल्या. तुझ्या आजीचं टिकलंय, तर ते घाल. हजार जणी वन ग्रॅमचा खोपा घालून दिसतील, तुझं एकटीचं खरं असेल.

आधी सराफ कट्ट्यावर नेऊन फिरकीचं मळसूत्र तपासून घे. जुन्या फुलांची फिरकी झिजलेली असते, नाचताना पडली तर कळतही नाही. घालताना फुलाच्या मागच्या कडीत दोरा ओवून तो अंबाड्याच्या जाळीला बांधायचा. उतरवण्याची जबाबदारी एकाच माणसाची. डबी तिच्याकडे, किल्लीही तिच्याकडे. आमच्याकडच्या एका लग्नात मूद "कुणीतरी" काढून "कुठंतरी" ठेवली, ती कार्यालय झाडताना मिळाली. झाडणारी बाई देवमाणूस होती.

तिसरी_घंटा
नवरीचं डोकं, नवरीचे केस, नवरीची फुलं. नवरदेवाचा कुणी विचार करतंय का? मे महिन्यात लांबलचक कापडाचा फेटा, त्यावर बाशिंग, त्याखाली मी. वरातीत घोड्याची दया येणारे पुष्कळ, माझी कुणाला आली नाही.

कडकभाकरी
काय बोललालाव बे. घोडा बोहल्यावर चढत नाही, तू चढलास. दया कुणाची करायची?

कट्ट्यावरचा_सोलापूरकर
बाशिंगाचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर. आपल्या गावाला बाशिंगाचं अप्रूप वेगळंच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाचा. सातही नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, नटून मिरवत येतात, त्यांनाही बाशिंग बांधतात. अख्खं गाव पांढऱ्या बाराबंदीत वऱ्हाडी असतं. ज्या गावात काठीला बाशिंग बांधून लाखभर माणूस अक्षता टाकतो, तिथं नवरीच्या बासिंगम् आणि मुंडावळ्यांवरून भांडण होऊ नये एवढंच म्हणणं आहे.

आता कामाचं. जुनी बाशिंगं भेंडाची असत, वर बेगड. हाताला कापसासारखी हलकी लागतात. हल्लीची प्लास्टिक आणि पुठ्ठ्याची जड, कडा कपाळाला कापतात. मधल्या मारुतीच्या भागात लग्नाच्या सामानाची दुकानं आहेत, तिथं सांगून हलकं करून घ्या. आतून मऊ कापडाची पट्टी लावून घेतली तर कपाळावर वळ उठत नाही.

पूर्वभागची_अक्का
बरोबर. आमच्याकडंही आता बारीक मोत्यांचं, दोन बोटं रुंद बासिंगम् मिळतं. अशोक चौकाच्या बाजूला बघ. तसं घेतलंस तर त्याच्या दोन्ही टोकांना मुंडावळ्यांच्या सरी ओवून घेता येतील. एकच वस्तू, दोन्ही विहिणी खूश. माझ्या भाचीचं असंच केलं होतं, तिची सासू मराठी.

वैशाखातली_नवरी
अक्का!! हे आईला आत्ता वाचून दाखवलं. आई पहिल्यांदाच "बघू" म्हणाली. आमच्याकडे "बघू" म्हणजे जवळजवळ हो.

मेंदीचा_कोन
आमच्या निकाहाला वेगळं असतं, पण उपयोगी पडेल म्हणून लिहिते. आमच्यात डोक्याच्या एका बाजूला झूमर लावतात आणि वरून जड दुपट्टा. दुपट्टा दर वेळी मागं ओढला जातो आणि झूमरला घेऊन जातो. माझ्या खालाजाननं शिकवलेलं: वजनदार कापड आधी केसांना स्वतंत्र पिनांनी बसवायचं, दागिना त्यानंतर, आणि दोघांच्या पिना एकमेकींत अडकू द्यायच्या नाहीत. तुमच्यात डोक्यावर पदर किंवा शेला घेतात त्यालाही हेच लागू. पदर अंबाड्याच्या टोकाला टोचतात, मग कुणी पदरावर पाय दिला की अंबाडाच हलतो. पदराची पिन अंबाड्याच्या पुढं, स्वतःच्या केसांत.

मोकळा_भांग
कोनताई, माझ्याकडे कामाला येता का?

शेंगाचटणी
लग्न झाल्यावर पहिल्या संक्रांतीला हलव्याचा मुकुट आणि बिंदीही असते, ते विसरू नका. तो मुकुट दिसायला सुरेख, पण डोक्याच्या घामानं चिकट होतो आणि साडीवर काटे झडतात. माझ्या जावेच्या मुकुटातला अर्धा हलवा तिच्या पुतण्यानं पाठीमागं बसून खाल्ला. फोटोत तिचा मुकुट दर फोटोगणिक लहान होत जातो.

रेल्वेलाईन्स
जिरं-गूळ, तांदूळ, हलवा. नवरीच्या डोक्यावर किराणा यादी पूर्ण होत आली.

सडेतोड_काकू
सगळं वाचलं. तुम्ही सगळे मिळून त्या पोरीच्या डोक्यावर दोन घरं, तीन भाषा आणि चार किलो सामान चढवताय. तिला काय हवंय हे एकानंही विचारलं नाही. माझ्या लग्नात एक वेणी, एक गजरा आणि कुलदेवीला वाहून आणलेलं एक फूल, एवढंच होतं. चाळीस वर्षं संसार टिकला.

निवांत
काकू, संसार गजऱ्यावर टिकत नाही हे मान्य, पण तिनं विचारलंय डोक्यावर काय घालू, संसार कसा करू असं नाही.

सडेतोड_काकू
मग विचारते. पोरी, आरशात बघून तुला कोणत्या रूपात तू वाटतेस? ते सांग.

वैशाखातली_नवरी
काकू, खरं सांगू? मला पूलजडा आवडतो. म्हणूनच गोंधळ आहे. आईला वाटेल सासरचं ऐकून माहेर सोडलं, सासूबाईंना वाटेल आम्ही दबाव टाकला. मला आवडतो असं म्हणायला जागाच नाही.

सडेतोड_काकू
झालं तर. आईला हेच सांग. "सासूबाई म्हणाल्या म्हणून" असं एकदाही म्हणू नकोस.

जुनं_सोनं
आणि अग्रफूल जड्याच्या वरच्या टोकाला, मानेच्या वर, जिथं वेणी सुरू होते तिथं लागतं. पूलजड्याला वर एक मोठी बिल्ली असतेच. ती काढून तिथं आजीचं अग्रफूल बसव. नाही शोभलं तर मला सांग.

मोकळा_भांग
जुनं_सोनंताई, हे नुसतं शोभणार नाही, सोयीचंही आहे. शिवलेल्या दोन शेपट्यांची जोडणी नेमकी तिथंच येते, ती झाकायला काहीतरी हवंच असतं. फक्त दोरा दुहेरी.

वैशाखातली_नवरी
थोड्या दिवसांनी लिहितेय. ट्रायल झाली.

पार्लरमध्ये बसून नाही, घरी केली. मोकळा_भांगताईंनी सांगितल्यासारखं दोन शेपट्यांना गंगावन शिवून घेतलं, कापडी पट्टी, कडांना कळ्या, वर अग्रफूल. मग अख्खी दुपार तसंच घरात वावरले. पंखा बंद करून. मांडी घालून बसले, पाया पडले (आजोबा तीनदा आशीर्वाद देऊन कंटाळले), वहिनीनं हार घातला, नणंदेला व्हिडिओ कॉलवर जडा कसा उचलायचा ते दाखवलं. भावानं वाटीभर तांदूळ डोक्यावर ओतले, त्याला ती संधी जन्मभर हवीच होती.

जडा हलला नाही. डोकं थोडं जड झालं, पण दुखलं नाही. मोत्यांचं बासिंगम् मात्र चष्म्यावर उतरत होतं, म्हणून कानशिलांपाशी दोन्ही बाजूंना छोट्या टिकटॉक पिना लावल्या. आता जागेवर आहे. मुहूर्ताला सहावारी आणि पूलजडा, संध्याकाळी नऊवारी आणि खोपा, मुंडावळ्यांच्या सरी दोन्ही वेळा. आई अग्रफूल बघून काही बोलली नाही, पण फोटो मामीला पाठवला.

बारीक_नजर
दुपार ते संध्याकाळ केस बदलायला वेळ किती ठेवलाय?

वैशाखातली_नवरी
एक तास.

बारीक_नजर
दोन ठेवा. शिवलेलं उसवायला वेळ लागतो, गूळ काढायला त्याहून जास्त. आणि त्या तासात प्रत्येक मावशीला तुमच्याबरोबर फोटो हवा असतो.

मोकळा_भांग
दोन्हीत सहमत. शिवाय संध्याकाळसाठी केस पूर्ण धुवायच्या फंदात पडू नका. टाळूवरचा गूळ ओल्या मऊ कापडानं तेवढाच टिपून काढायचा, हेअर ड्रायरनं थंड हवा मारायची आणि नेमक्या त्याच जागेवर खोप्याचा गजरा फिरवून आणायचा. कुणाला दिसत नाही. कात्रीनं दोरा कापणारी बाई सावध हवी, घाईत गंगावनाबरोबर खरे केस कापलेले मी पाहिलेत.

फुलपुडी
संध्याकाळचा गजरा वेगळा सांगून ठेव. सकाळच्याच्या भरवशावर राहू नको. आणि फुलवाल्याला "बारा पस्तीस" सांगू नको, "सकाळी आठ" सांग.

निवांत
भाड्याचं काय ठरलं? माझ्या ओळखीतल्या एकीनं वन ग्रॅमचा अख्खा सेट भाड्यानं आणला. परत करताना दोन मणी कमी म्हणून अनामत रक्कम गेली. मणी आधीच कमी होते, पण घेताना फोटो कुणी काढला होता?

जुनं_सोनं
भाड्यानं घेताना दुकानातच, दुकानदारासमोर, दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा. आणि डोक्याला लागणाऱ्या कड्या स्पिरिटनं पुसून घ्यायच्या. आधी ते कुणाच्या घामात होतं, आपल्याला काय माहीत.

तिसरी_घंटा
आता तरी नवरदेवाचा प्रश्न घ्या. माझ्या मित्राचं लग्न आहे, सासर पद्मशाली. मुहूर्ताला फेटा उतरवून जिरं-गूळ ठेवणार आहेत. त्याच्या डोक्यावर केस नाहीत. एकही नाही. पान घसरतंय. काल रंगीत तालमीत दोनदा नाकावर आलं.

कडकभाकरी
एकदा नाकावर आलं तर चाटून टाक म्हणावं, शुभ असतं.

पूर्वभागची_अक्का
तुमचं काहीतरीच. गुळात जिरं जास्त घाला, गोळा घट्ट होतो, पातळ ठेवू नका. विड्याचं पान मोठं घ्या आणि देठ काढून उलटं, शिरांची बाजू खाली ठेवा. आणि नवरीला सांगा, हात लगेच काढू नको, गुरुजी सांगेपर्यंत दाबून धर.

तिसरी_घंटा
दाबून धर हे तिला सांगायची गरज नाही, असं मित्र म्हणतोय.